ओट्यावरची खिडकी

अब्बा,

आज शुक्रवार. जुम्म्याची नमाज पढून खोलीवर न जाता मी सरळ ऑफिसला आलो. दम्मामचं आपलं तेच ऑफिस, दुसरा मजला, तीच खिडकीजवळची दोन टेबलं. सुट्टी असल्यामुळे कोणी नाही. पुढच्या महिन्यात माझा इकामा, सौदीत राहण्याचा परवाना, संपतोय आणि या वेळी कंपनी तो वाढवणार नाही, म्हणून टेबल आवरायला आलो होतो. आवरण्यासारखं फारसं काही निघालं नाही. खोलीवर लवकर जाऊन करायचं तरी काय, म्हणून मग कागद घेतला. तुम्ही गावी अम्मीला लिहायचात तसं, मराठीत. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही.

आपण इथे काय काम करायचो ते गावात सांगितलं तर कोणाला पटत नाही. आपल्या धाकट्या साहेबांच्या आजोबांनी जर्मनीत कोळशाच्या खाणीतल्या कामगारांसाठी घरं बांधली, मग त्यांच्या वडिलांनी बांधली. पुढे इथल्या बांधकामांच्या तेजीत त्या घराण्याने दम्मामला ऑफिस उघडलं आणि तिकडच्या घरांची ड्रॉइंगसुद्धा इथेच होऊ लागली. खाणी बंद पडत चाललेल्या, कामगार म्हातारे झालेले, त्यांच्या जुन्या वसाहती दुरुस्त करायच्या आणि शेजारी छोटी नवी घरं बांधायची. तुम्ही रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. बर्फ कधी पाहिला नाही, आणि बाहेर पन्नास डिग्री ऊन असताना बर्फ घसरून पडावा म्हणून उतरती छपरं काढत बसायचात. एकदा उतार मोजून म्हणालात, "हा आपल्याकडच्या पावसालाही चालेल."

मी तुमच्या हाताखाली लागलो त्याला चार महिने झाले असतील. जुन्या वसाहतीतल्या सहा घरांच्या एका ओळीच्या दुरुस्तीचं काम मला दिलं होतं. खर्च कमी करायचा म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यावरची छोटी खिडकी काढून मी तिथे सलग भिंत दाखवली. धाकट्या साहेबांनी ते पास केलं होतं. तुम्ही प्रिंट हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिलात.

"या स्वयंपाकघरात कोण आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, "कोणी नाही अब्बा, ड्रॉइंग आहे."

"कोणी नाही?" तुमचा आवाज चढला. शेजारचा केरळचा सहकारी मान खाली घालून बसला. "इथे एक बाई उभी आहे. चाळीस वर्षं तिचा नवरा जमिनीखाली गेला. तो वर आला की नाही हे तिने याच खिडकीतून बघितलं. आता तो म्हातारा झाला, तरी ती बघणारच. तू तिच्या तोंडावर भिंत बांधलीस."

मग तोच कागद घेऊन तुम्ही धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलात. आत काय बोललात ते मला माहीत नाही. बाहेर आलात तेव्हा कागदावर लाल पेन्सिलीने सहा खिडक्या काढलेल्या होत्या. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला. चारचौघांत बोललात म्हणून तर होताच, पण दुसरंही एक होतं. त्या परक्या बाईबद्दल तुम्ही जेवढं बोललात तेवढं अम्मीबद्दल बोलताना मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं. अम्मी सव्वीस वर्षं तुमची वाट बघत होती. दोन वर्षांतून एकदा तुम्ही दीड महिना यायचात, आणि तुमच्या पैशांनी गावी जे घर उभं राहिलं त्याचं स्वयंपाकघर कॉन्ट्रॅक्टरने मागच्या बाजूला, आंधळं बांधलं. तिथून रस्ता दिसायचाच नाही.

मग सौदीकरणाचे दिवस आले. कंपनीत सौदी माणसं किती आहेत त्यावरून सरकार तिला हिरव्या, पिवळ्या नाहीतर लाल रंगात टाकायचं. आपलं ऑफिस पिवळ्यात गेलं, म्हणजे बाहेरच्या माणसांचे इकामे अडणार. कफील, ज्याच्या हमीवर आपण इथे होतो तो सौदी, रोज येऊन बसायला लागला. जो तो एकमेकांच्या इकाम्याची तारीख विचारायचा. त्याच सुमारास एका सकाळी साइटवर जाताना धाकट्या साहेबांनी मला एकट्याला गाडीत घेतलं. म्हणाले, "तुम्हा दोघांपैकी एकाचाच इकामा वाढवता येईल. तुझ्या वडिलांना विचारायचा मला धीर होत नाही. त्यांच्या मनात काय आहे?"

तुमच्या मनात काय आहे ते मी तुम्हाला कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "अब्बा थकलेत. परत जायचं म्हणत असतात."

तुम्ही असं एकदाही म्हणाला नव्हतात.

दोन दिवसांनी त्यांनी तुम्हाला आत बोलावलं. बाहेर येऊन तुम्ही अर्धवट राहिलेल्या जिन्याचं ड्रॉइंग पूर्ण केलंत, सही केलीत आणि मग माझ्याकडे वळलात. "खलास. आता घरी बसायचं." मी दचकल्यासारखं केलं. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "मला वाटलं होतं तुला काढतील. जिवात जीव आला बघ."

गावी गेल्यावर तुम्ही पहिलं काम काय केलंत ते अम्मीने मला फोनवर सांगितलं. गवंडी बोलावून मधली भिंत फोडलीत, ओटा पुढच्या बाजूला घेतलात आणि त्याच्यावर खिडकी बसवलीत. अम्मी हसत होती, पण नीट हसत नव्हती. "मी म्हटलं त्यांना, वाट बघायची होती तेव्हा भिंत होती. आता तुम्हीच घरात बसलेले, खिडकीतून बघू कोणाला?" तुम्ही काय उत्तर दिलंत, मी विचारलं. "गवंड्याला म्हणाले, थोडी खाली घे, हिची उंची कमी आहे." दहा महिन्यांनी तुम्ही गेलात. मला सुट्टी मिळून मी पोहोचेपर्यंत मातीही झाली होती.

माझ्या जागेवर आता एक सौदी मुलगी येणार आहे. गेले तीन महिने मी तिला शिकवतोय. हुशार आहे, मला उस्ताद म्हणते, माझ्यासाठी घरून खजूर आणते. तिच्यावर रागावायचं म्हटलं तरी जमत नाही. परवा तिने विचारलं, "उस्ताद, तुम्हाला हे काम कोणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं, चुकीचं, आणि कामाला लागली. या ऑफिसात तुमचं नाव कोणी घेतलं त्याला किती वर्षं झाली होती, ते मी मोजत बसलो.

हा कागद कुठे जायचा नाही. तुम्ही हयात असतात तरी मी तो पोस्टात टाकला नसता. गाडीतलं बोलणं मी कधीतरी तुम्हाला सांगितलंही असतं, आणि तुम्ही हात झटकून मला माफही केलं असतं. पण एक गोष्ट मी तुम्हाला सांगू शकलो नसतो. तुम्हाला पित्ताचा त्रास, म्हणून आपल्या खोलीत सहा वर्षं फिकंच शिजायचं. तुम्हाला विमानतळावर सोडून आलो त्या दुपारी मी बाजारातून सुरमई आणली, मनासारखं लालभडक कालवण केलं, आणि एकट्याने बसून दोनदा भात वाढून घेतला. फार बरं वाटलं. तुमची आठवण आली ती नंतर, बऱ्याच दिवसांनी.