साडेअठरा इंच उंचीचं बाकडं

४ मार्च
तळ्याकाठी आमच्या नगरपालिकेची नवी बाग होतेय. तिथली बाकडी निवडायच्या कमिटीवर माझं नाव आलं. साहेब म्हणाले, तुम्हाला हल्ली घरी काही काम नसतं, घ्या हे. साहेबांचं माझ्यावर बारीक लक्ष असतं.

घरी काम नसतं, कारण ही भावाकडे गेली आहे. गुडघ्यांमुळे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मेहुण्याचं घर तळमजल्यावर. तात्पुरती सोय.

संकल्प: हिला फोन करायचा नाही. करमेनासं झालं की तीच करेल.

४ मार्च, संध्याकाळी
फोन केला. नवी बाग मेहुण्याच्या घराला अगदी लागून आहे, हे आसपासच्या रहिवाशांना कळवणं ऑफिसचं कामच आहे. ‘हो का,’ म्हणाली. आवाजात ओढ होती.

९ मार्च
ऑफिसच्या आवारात तीन सँपल आली. सिमेंटचं, लोखंडी पट्ट्यांचं आणि लाकडी. तिन्हींवर बसून पाहिलं. सिमेंटचं गार, लोखंडी तापतं. लाकडी बरं, पण इतकं बुटकं, की उठायला पुढेमागे झोके घ्यावे लागले. हिला जमणार नाही. म्हणजे ज्येष्ठ नागरिकांना.

कमिटीतल्या ऑडिटरचं मत सिमेंटला. चोरीला जात नाही म्हणे. मी म्हटलं, त्यावर बसवतही नाही. सगळे हसले. घरी मी विनोद केला की ही उठून आत जाते. आत जाऊन हसत असणार.

१२ मार्च
सीटची हाइट ठरवायची आहे. घरी ही कशावर बसते ते मोजावं म्हटलं, तर आठवेचना. आर्मरेस्टवाली खुर्ची एकच, ती माझी. स्वयंपाकघरात स्टूल आहे, पण त्यावर कायम डबे. शेवटी पलंगाची तिची बाजू सापडली. कडेला गादी खचलीय. तिथे बसून ती गुडघ्यांना मलम चोळायची. तिथपासून जमिनीपर्यंत टेप लावली. साडेअठरा इंच.

टेप धरून बराच वेळ बसलो होतो. माप काळजीपूर्वक घ्यावं लागतं.

१८ मार्च
मुलीचा फोन. ती परगावी नोकरीला असते, त्यामुळे तिला इथली परिस्थिती नीट माहीत नसते. म्हणाली, बाबा, आई परत येणार नाहीये, कळतंय का तुला? मी म्हटलं, गुडघे बरे झाले की येईल. ती म्हणाली, गुडघ्यांचं नुसतं नाव आहे, तिथेही गुडघे तेच आहेत. तू तिचं कधी ऐकूनच घेतलं नाहीस. यावर मी न चिडता तिला बाकड्याच्या पाठीला उतार किती असावा ते समजावून सांगितलं. मध्येच फोन कट झाला. त्यांच्याकडे नेटवर्कची बोंब आहे.

संकल्प: उद्यापासून ऐकून घ्यायचं.

२५ मार्च
मीटिंग. आज मी गाजवली. साहेबांना बाकड्याच्या मधोमध एक दांडा हवा होता, लोक आडवे होऊ नयेत म्हणून. मी ताडकन उठलो. मध्ये दांडा आला तर नवरा-बायकोने शेजारी बसायचं कसं? हे मनात. तोंडाने म्हटलं, दांड्यापाशी कचरा अडकतो. दांडा रद्द.

मग आर्मरेस्टवरून जुंपली. ऑडिटर म्हणे, चैन आहे ही. मी सुताराकडून लाकडी सँपलला आधीच आर्मरेस्ट ठोकून घेतले होते, सीटही साडेअठरावर आणली होती. आमच्या टायपिस्टबाईंना त्यावर बसवलं. रिटायरमेंटला आल्यात, गुडघ्यांनी बेजार. दोन्हीकडे धरून झटक्यात उठल्या आणि म्हणाल्या, अगं बाई, उठले की मी एकटी. मंजूर.

टेंडरमध्ये स्वतः वाक्य घातलं: ‘बसणाऱ्यास कोणाच्याही मदतीशिवाय उठता आले पाहिजे.’ आख्ख्या नोकरीत इतकं चांगलं वाक्य माझ्या हातून झालं नव्हतं.

६ एप्रिल
संकल्प पाळला. हिला फोन करून ऐकून घेतलं. ती शेजारच्या बायकांना शिवण शिकवते. सकाळी उशिरा उठते. रात्री झोप लागते. हे सगळं ऐकलं. मग तिला पॉलिशबद्दल सांगितलं. ती म्हणाली, ठेवू का आता? तिने परवानगी मागितली, हा मोठाच फरक आहे.

२१ एप्रिल
भात करपला. भांडं भिजत घातलंय. कालचंही भिजतंय.

२ मे
उद्या बागेचं उद्घाटन. ही येते म्हणाली! मी विचारलं आणि ती लगेच हो म्हणाली. मुलीला कळवलं. ती म्हणाली, बाबा, जास्त आशा लावून बसू नकोस. पोर अजून लहान आहे.

प्लॅन असा. तळ्यासमोरच्या बाकड्यावर बसायचं. मी फार बोलायचं नाही. उठताना ती उजवा हात पुढे करते, माझ्याकडे न बघता, आणि मी तो धरतो. वर्षानुवर्षं चाललंय. आमचं न बोलता जमतं ते एवढंच. उद्या हात धरला की सोडायचा नाही. तसंच घरी यायचं. जिने सावकाश चढू, मला कुठे घाई आहे.

चादर बदलली. स्टूलवरचे डबे खाली ठेवले. माझी खुर्ची खिडकीपाशी लावली, तिच्यासाठी.

३ मे
रिबन कापली, भाषणं झाली. ही आली. आम्ही तळ्यासमोर बसलो. तिचे पाय जमिनीला नीट टेकत होते, ते मी पाहून घेतलं. म्हणाली, छान झालंय हो, पाठीला बरं वाटतं. तुम्ही केलंत? मी नुसती मान हलवली. प्लॅनप्रमाणे बोलत नव्हतो.

मी बोलत नाही म्हटल्यावर ती बोलली. मी घरी येणार नाही आता. रागाने नाही सांगत. राग होता तेव्हा घरीच होते की. तुम्ही जेवण वेळेवर करा. इतकं सगळं एका दमात ती माझ्याशी कधी बोलली, आठवत नाही. का मध्ये मीच बोलायचो, तेही आठवत नाही.

मग निघते म्हणाली. मी हात पुढे केला. तिने आर्मरेस्टवर दोन्ही तळवे टेकले आणि उठली. सरळ, एका दमात, कण्हलीसुद्धा नाही. तिचं तिलाच नवल वाटलं असावं. हसली. किती महिन्यांनी तिला हसताना पाहिलं. म्हणाली, बघा, जमलं. आणि गेली.

माझा हात पुढेच होता, म्हणून आर्मरेस्टचा बोल्ट तपासला. घट्ट होता.

८ मे
साहेबांनी पाठ थोपटली. बाकडी लोकांना पसंत आहेत, सगळ्या बागांत हीच बसवायची ठरलीत. टायपिस्टबाईंनी सांगितलं, वहिनी रोज सकाळी येऊन बसतात तिथे. बऱ्या दिसतात.

म्हणून मी संध्याकाळी गेलो. तिच्या जागेवर बसलो. आज रडलो, हे लिहून ठेवतो, वाचणारं कोणी नाही. बाकडं चांगलंच झालंय. उठायला खरंच काही त्रास होत नाही. बाग बंद करायचीय म्हणून वॉचमन दोनदा सांगून गेला, तरी मी बसून होतो.