निळ्याचं विटकरी झालं

१ मार्च
पुन्हा गचकले! बाकी सगळे विषय निघाले, रसायनशास्त्रात पाठ टेकली. सर म्हणाले, "बाई, एप्रिलच्या फेरपरीक्षेत निघाला नाहीत तर कोर्समधून नाव जाईल." म्हणजे झालं! लॅब टेक्निशियन होणार म्हणून जगभर सांगून बसलेय. त्रेचाळीस वर्षांची घोडी, वर्गातली पोरं मावशी म्हणतात, आणि कार्बनने लोळवलं.

घरी सांगितलं तर हे शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणतात, "बरं झालं. पुन्हा एकदा वाचशील तेव्हा समजेल तरी." जिभेला काही हाड! शिंप्याचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे टोमणे घरपोच.

६ मार्च
कार्बन कळला! चार हात. चारही कायम गुंतलेले. एक सुटला की लगेच दुसरं काहीतरी धरायचं. अगदी घरातली थोरली सून! चिमणीला सांगितलं. (चिमणी म्हणजे प्रयोगशाळेतली माझी जोडीदार. वय एकोणीस, बडबड अखंड.) ती म्हणे, "मावशी, मग ऑक्सिजन कोण?"

"तो धाकटा दीर. हात दोनच, पण सगळं स्वतःकडे ओढणार."

चिमणी इतकी हसली की सरांनी दोघींना बाहेर काढलं. या वयात वर्गाबाहेर! पण खरं सांगते, मजा आली.

११ मार्च
वाढदिवसाच्या केकची मोठी ऑर्डर. स्पंजवर ब्रशने साखरपाणी लावता लावता अल्कोहोल, अल्डिहाइड, कीटोन पाठ केलं. साखरपाणी म्हणजे गार पाण्यात साखर ढवळायची, बस्स. बाटलीत भरून ठेवते, ओट्यावर अशा चार-पाच बाटल्या कायम असतात.

केकच्या कापलेल्या कडा नेहमीप्रमाणे यांच्या पोटात. आणि तरी माणूस वाळतोय! दुपारी बघते तर स्वतःचीच पॅन्ट कमरेत आत घेत बसलेले. मी नुसता वास घेतला तरी फुगते. देवाच्या घरी न्याय नाही.

१७ मार्च
आली का पंचाईत! सरांचं फर्मान — उद्या प्रत्येकाने सकाळची स्वतःची लघवी बाटलीत घेऊन यायची. 'नॉर्मल नमुना' म्हणून तपासायची. बेनेडिक्टचं निळं औषध घालून उकळायचं. साखर नसेल तर निळंच राहतं. असेल तर हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि फारच असेल तर विटकरी.

आणि माझी पाळी आजच सुरू! त्यात रक्त मिसळणार, नमुना वाया. हे सरांना सांगू? पोरासोरांसमोर? त्यापेक्षा जमिनीने पोटात घेतलेलं बरं.

शेवटी यांना गाठलं. आधी अर्धा तास नुसते हसले. मग म्हणाले, "इतक्या वर्षांच्या संसारात तू माझ्याकडे साड्या मागितल्यास, दागिने मागितलेस. हे पहिल्यांदाच."

"देताय का नाही?"

"देतो की! हवी तेवढी देतो. हल्ली त्याला काही तोटा नाही."

निर्लज्ज!

१८ मार्च
फजिती, फजिती, फजिती!

सगळ्यांच्या नळ्या निळ्या. चिमणीची तर आभाळासारखी. माझी उकळायला लागली आणि हिरवी झाली. मग पिवळी. मग नारिंगी. मग तळाला विटकरी गाळ — जाडजूड! सगळा वर्ग भोवती गोळा. सर आले, नळी उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला शुगर आहे का?"

"छे हो सर! मागच्याच महिन्यात तपासलंय."

"मग भांडं खराब असणार. स्वच्छ भांड्यात पुन्हा आणा. परीक्षेच्या आधी हा प्रयोग पूर्ण झाला पाहिजे."

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला — बाटली! सकाळच्या घाईत ओट्यावरची साखरपाण्याची रिकामी बाटली उचलून यांच्या हातात दिली होती. धुतलीसुद्धा नाही. तळाला चिकट असणारच. चिमणीच्या कानात सांगितलं तर ती पोट धरून खाली बसली. "मावशी, केकची बाटली?"

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, "मी मुळातच गोड माणूस आहे, त्याला बाटली काय करणार!"

२४ मार्च
नवी बाटली, उकळत्या पाण्यात घातलेली, आणि या वेळी नमुना माझा. निळं! शेवटपर्यंत निळं! सरांची सही मिळाली. गंगेत घोडं न्हालं.

घरी हे डोळे चोळत बसलेले. सुईत दोरा जाईना. मी ओवून दिला. "चष्म्याचा नंबर बदला आता, म्हातारे झालात." "तू कॉलेजकन्या झालीस म्हणून मी म्हातारा दिसतो." तोंड मात्र तरुण आहे अजून.

२ एप्रिल
सूत्रं पाठ करता करता यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. गुपचूप प्यायले! वर म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत तक्रार नाही. फक्त पाण्याचा जग दे." अख्खा जग रिचवला. उकाडाही मेला कहर आहे.

इतका त्रास देते मी यांना. पण रोज पुस्तक उघडायच्या आधी टेबल पुसलेलं असतं, पेन्सिलला टोक काढलेलं असतं. कोण काढतं ते काय मला माहीत नाही?

८ एप्रिल
पास!! पास!! पास!!

लेखी आधीच बरी गेली होती. आज तोंडी. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, चेहरा इस्त्री केल्यासारखा. पहिले दोन प्रश्न कसेबसे काढले. मग त्या म्हणाल्या, "ग्लुकोज घातलं की बेनेडिक्ट विटकरी होतं. आपण चहात घालतो ती साखर घातली तर?"

हे मला येत होतं! कालच वाचलेलं! म्हटलं, "काही होणार नाही, मॅडम. निळंच राहील."

"का?"

"चहातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. ज्या हाताने बेनेडिक्टशी खेळायचं, नेमक्या त्याच हाताने त्या दोघांनी एकमेकांना धरलंय. मोकळा हातच नाही, मग रंग बदलणार कोण?"

परीक्षक बाई हसल्या! म्हणाल्या, "पुस्तकात असं लिहिलं असतं तर आम्हीही लवकर पास झालो असतो." बाहेर सर उभेच होते. त्यांनी आत जाऊन विचारलं आणि येऊन म्हणाले, "निघालात, बाई." चिमणीने तिथेच मिठी मारली. मी रडले थोडी. रडले तर रडले!

यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबवून सांगितलं, "आमची बायको रसायनशास्त्रात पास झाली." जसं काही यांनीच शिकवलं! आज घरच्यासाठी केक. कडा नाही, अख्खा यांचा.

८ एप्रिल, संध्याकाळी
केकसाठी साखरपाणी केलं. बाटलीत ओतत होते आणि हात मधेच थांबला.

साखरपाण्याने बेनेडिक्ट निळंच राहतं. मीच सांगून आले आज. शाबासकीसुद्धा घेतली.

मग त्या दिवशीचा विटकरी गाळ बाटलीतला नव्हता. त्यांचा होता.

कमरेत आत घेतलेली पॅन्ट. पाण्याचे जगच्या जग. आणि कडा — सगळ्या कडा मी माझ्या हाताने भरवल्या. तीन आठवडे आम्ही त्यावर हसतोय! भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय. केक तसाच झाकून ठेवलाय. उद्या उजाडताच त्यांना घेऊन डॉक्टरांकडे. आत्ता जाऊन सांगते.

बाहेरून हाक येतेय — "अगं, जरा सुईत दोरा ओवून दे. आणि येताना पाणी आण."