सरकलेली हद्द

६ मे, गडचिरोली
बाबांच्या पुण्यानुमोदनानंतर आज ऑफिसात पहिला दिवस. मोहाची फुले वेचताना त्यांना वाघाने नेले, त्याला तेवीस दिवस झाले.
वाघहल्ल्यांचा नकाशा उघडला. जंगलाचे हिरवे आकार, वर लाल ठिपके. माझ्या रजेत शेजारच्या टेबलावरच्या प्रणालीने एक ठिपका वाढवला आहे. बाण नेला, चौकट उघडली. बाबांचे नाव, तारीख आणि शेरा: ‘राखीव जंगलात शिरले असता.’ बंद केली. पुन्हा उघडली.
शेरा कोणी लिहीत नाही. ठिपका कोणत्या आकारात पडतो ते पाहून नकाशामागचा कोड तो आपोआप लिहितो. तो कोड माझा.
१५ ला नकाशा जिल्ह्याच्या बैठकीत. मग शेरे कायम.

७ मे
आईचा फोन. राहवले नाही, सांगितले.
“काऊन व, तुह्या बाबाले चोर म्हणते का तुहा नकाशा? आपला मोह हद्दीच्या बुरजाच्या अलीकडं हाये. तुह्या आज्यापासून आपणच वेचतो त्याच्याखाली.”
आमच्या गावात प्रत्येक घराचा मोह ठरलेला. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही. बाबा तर नाहीच.

१० मे
गावी. काकांसोबत मोहापर्यंत गेले. काका सारखे टिनाचा डबा वाजवत होते, मी फोनवर नकाशा पाहत होते.
“फोनले इचार, वाघ कुठी हाये तेबी दाखवते का? लवकर पाह्य बाई, इथी थांबाचं नाई.”
हद्दीचा बुरूज, चुन्याने रंगवलेला दगडांचा ढीग, मोहापासून चाळीस पावले पूर्वेला. राखीव जंगल त्याच्याही पलीकडे. माझ्या नकाशात रेघ मोहाच्या पश्चिमेला आहे.
झाडाखाली फुले वाळून काळी पडली होती. या वर्षी कोणी उचलली नाहीत.

११ मे
चूक सापडली. हद्द जुन्या कागदी नकाशावरून घेतलेली. ती कोणत्या मापपद्धतीची, हे सांगणारी छोटी फाईल सोबत नव्हती. दोन वर्षांपूर्वी मी नवीच धरून चालले. त्यामुळे सगळा थर पश्चिमेला सरकला.
दुरुस्ती एका ओळीची. केली. बाबांसमोर ‘गावाच्या जंगलात’ आले. बराच वेळ पाहत बसले.
मग बाकीचे ठिपके तपासले. आणखी एक बदलला होता. जंगलाच्या दुसऱ्या, पूर्वेच्या टोकाला, आरमोरीकडच्या गावातल्या कुंदाबाई. गेल्या वर्षी विडीच्या तेंदूपानाला गेल्या होत्या. आतापर्यंत ‘गावाच्या जंगलात’. आता ‘राखीव जंगलात शिरल्या असता.’

१२ मे
प्रणाली म्हणाली, “तुमच्याच बाजूची रेघ सरकवा न ताई. तिकडची हाये तशीच राहू द्या. कोण पाहून राह्यलं?”
 ती जेवायला गेल्यावर करून पाहिले. चार मिनिटे लागली. आकार कुठेच तुटलेला दिसला नाही.
वाकवलेल्या रेघेची वेगळी फाईल ठेवली. खोडली नाही.

१३ मे
कुंदाबाईंच्या गावी. मुलगी अंगणात पानांचे पुडे बांधत होती. पाणी दिले.
“तुमीच का नकाशावाल्या? मायच्या नावासमोर ‘गावाच्या जंगलात’ लिवलं हाये, सरपंचानं वाचून दाखवलं. लय बरं वाटलं जी.”
बुरूज कुठे आहे विचारले. तिचे हात थांबले.
“माय बुरजाच्या पल्याड गेली होती. अलीकडची पानं सरली होती. आमाले मालूम हाये. तुमाले नव्हतं का?”
 निघताना ती फाटकापर्यंत आली. “आता बदलवसान का जी?”
बस एक तास उशिरा. 

१४ मे
ऑफिसातल्या सरांना सगळे सांगितले. तिन्ही फायली दाखवल्या: जुनी, दुरुस्त केलेली आणि वाकवलेलीसुद्धा. म्हटले, शेराच काढू या, सगळ्यांचाच.
“शेऱ्यासाठीच तर नकाशा मागितलाय जिल्ह्याने.” मग खिडकीकडे पाहून, “उद्या दहापर्यंत एक फाईल द्या. कोणती ते तुम्ही ठरवा.”
बाबांचे नाव त्यांनी घेतले नाही. मीही नाही.

१५ मे
साडेनऊला पाठवली. पूर्ण दुरुस्त केलेला थर, शेरा काढून चौकटीत फक्त नाव आणि तारीख. कुंदाबाईंसमोर काही नाही. बाबांसमोरही नाही. वाकवलेली फाईल खोडली.
जुनी फाईल सरांकडे आहेच. शेऱ्याचा कोडही. शेरे परत लावायला दोन मिनिटे.
बैठक अकराला होती. मला बोलावले नव्हते. पाच वाजले, सरांचा फोन नाही. आईचे दोन आले, उचलले नाहीत.
खोलीवर आले. एक वाटी तांदूळ निवडले, धुतले, भात टाकला.