माहिती देणारी: मिना

रविवार, ११ जानेवारी

प्रिय प्रतिक्षा,

हे पत्र नानीबाई तुझ्या हातात देतील. आपल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या नानीबाईंना तू विसरली नसशील. उद्या त्या शिरड शहापूरला नातेवाइकांकडे येणार आहेत. फोन केला असता, पण तुझा फोन आधी सासूबाई उचलतात. मला जे सांगायचं आहे ते असं आहे की मध्येच कुणी 'कोण आहे?' असं विचारलं, तर माझ्याच्यानं पुढे बोलवणार नाही. एकटी असशील तेव्हा वाच.

पुनमचं लग्न थांबलं, हे तुला कळलंच असेल. बुधवारी अधिकारी आले, बरोबर पोलीस आणि ग्रामसेवक. ती अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही, असं तुझ्या वडिलांकडून लिहून घेतलं. पुनम दुसऱ्याच दिवशी दहावीच्या वर्गात येऊन बसली. कुणाशी बोलत नाही, पण येते. तुझी बहीण सुखरूप आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुला नीट वाचता येईल. मला भीती आहे ती मिनाची.

मिना ही नानीबाईंची नात, रतनसिंगची मुलगी, आठवीत आहे. रतनसिंग तुमचं ओढ्याकाठचं शेत बटाईनं करतो, त्यामुळे तू तिला लहानपणी पाहिलं असशील. अधिकाऱ्यांना मिनानंच फोन करून कळवलं, असं गावानं ठरवून टाकलं आहे. गुरुवारपासून ती शाळेत आलेली नाही. मंगळवारी अकरा वाजता शालेय समितीची बैठक आहे. रतनसिंगनं लेकीला घेऊन हजर राहावं, असा समितीचे अध्यक्ष म्हणून तुझ्या वडिलांचा निरोप गेला आहे. मिनाचं नाव शाळेतून काढायचं आणि रतनसिंगकडून शेत काढून घ्यायचं, हे दोन्ही पारावर आधीच बोलून झालं आहे. बैठक नुसती शिक्का मारायला.

हे झालं कसं, ते सांगते. जूनमध्ये मुख्याध्यापक कळमनुरीच्या प्रशिक्षणाहून आले आणि एक परिपत्रक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "शालूबाई, मुलांनी म्हणे आता प्रश्न विचारायचे अन् उत्तरं आपली आपण शोधायची. हे तुमचंच खातं." मला हसू आलं. सतरा वर्षं मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे, त्यात हे पहिलं परिपत्रक जे वाचून मला उत्साह वाटला. मी एक पद्धत ठरवली. पोरगं प्रश्न घेऊन आलं की उत्तर सांगायचं नाही. उलट विचारायचं, हे कुणाला माहीत असेल? पुस्तकाला, कागदाला की माणसाला? मग त्यानं तिकडे जायचं. आणि एक नियम, ज्यावर मी फार कडक होते: जे लिहाल त्याच्याखाली ते कुठून कळलं, हे लिहायचं. पुस्तक असेल तर नाव आणि पान, माणूस असेल तर पूर्ण नाव. ज्याच्याखाली नाव नाही ती माहिती नव्हे, ती चावडीवरची गप्पा, असं मी मुलांना सांगत असे.

मुलांना ते आवडलं. हळद आधी का शिजवतात, इथपासून सुरुवात झाली. एक पोरगी तीन दिवस हळदीच्या गिरणीत बसून आली, अंगाला वास येत होता तिच्या. ऑक्टोबरमध्ये मिना आणि तिच्या तीन मैत्रिणी आल्या. त्यांचा प्रश्न असा होता: पाचवीत शाळेत आलेल्या पोरी दहावीपर्यंत किती टिकतात? पुस्तकात हे सापडणार नव्हतं. मी पुस्तकं देण्याघेण्याची जुनी रजिस्टरं काढून दिली. पाचवीपासून कुणी कधी पुस्तक नेलं, सगळं त्यात आहे. त्या पोरींनी दुपारच्या सुट्ट्या घालवून एकेका मुलीचं शेवटचं पुस्तक शोधलं. तुझ्या तुकडीत अठ्ठावीस मुली होत्या. दहावीच्या परीक्षेपर्यंत पोचल्या अकरा. गावातल्या, तांड्यावरच्या, वाडीवरच्या, सगळ्या घरांतल्या गळल्या होत्या. त्यात कुणी कुणाला हसावं असं नव्हतं. मिनानं तुझ्या नावावर बोट ठेवून विचारलं, "बाई, ह्या प्रतिक्षाताई दहावीतच काहून थांबल्या?" मी म्हणाले, मोठी झाली ती, गेली सासरी. दुसऱ्या कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला खाली काय लिहिणार ते विचारलं असतं. मिनानं विचारलं नाही. बोट पुढच्या नावावर नेलं फक्त.

बालिका दिनाला, तीन तारखेला, शाळेत प्रदर्शन होतं. आदल्या दिवशी पोरींनी तक्ता आणून दाखवला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: पुनम, दहावी, याच महिन्यात लग्न. खाली: माहिती देणारी, मिना रतनसिंग राठोड. दूध घालायला गेली तेव्हा बस्त्याचे कपडे मोजताना स्वतः पाहिलं. मी ते वाचलं. पुनमचं पुढे काय होणार, ते कळलं. आणि तरी, प्रतिक्षा, ऐक, मी काय केलं. नियम पाळला म्हणून मिनाची पाठ थोपटली. इतकी मुरलेली सवय की तिच्या नावाकडे मी फक्त ग्रंथपाल म्हणून पाहिलं. ती ओळ झाकायची, निदान नाव तरी खोडायचं, हे डोक्यातच आलं नाही. तक्ता भिंतीवर गेला.

तुझे वडील प्रदर्शनाला आले होते. खूश होते. सगळ्या तक्त्यांचे फोटो काढले आणि न वाचताच गावाच्या ग्रुपवर टाकले, वर 'आमच्या शाळेची हुशार लेकरं' असं लिहून. चार दिवस ते फोटो कुणी उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. बुधवारी जीप येऊन गेल्यावर पाहिले. बोटांनी मोठे करकरून पाहिले. तिथं नाव होतंच, पूर्ण, सुवाच्य अक्षरात.

शुक्रवारी तुझा चुलतभाऊ बालाजी ग्रंथालयात आला. कधी न येणारा माणूस. खुर्ची ओढून बसला, रजिस्टर पुढ्यात घेतलं, एकेक पान उलटत राहिला. "बाई, कोण काय वाचून राहिलं, सगळं तुमच्यापाशी बराबर लिहिलेलं असतंय की," म्हणाला. मी हो म्हणाले. "मग पोरीच्या डोक्यात हे कुणी भरलं, तेबी असंल लिवून." हसला, रजिस्टर मिटलं, हळूच टेबलावर ठेवलं आणि गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानंतर मी दाराकडे पाठ करून बसलेली नाही. कपाटं लावायचीही बंद केली आहेत, कारण ती लावताना दार दिसत नाही. काल शाळा सुटल्यावर फाटकाशी दोन मोटारसायकली उभ्या होत्या. कदाचित कुणाची तरी वाट पाहत असतील. मी मागच्या बाजूनं, हळदीच्या रानातून घरी गेले. यांना अजून काही सांगितलेलं नाही.

नानीबाई रोज येतात, खिचडी शिजवतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. काल मीच चुलीपाशी जाऊन विचारलं, मिना कशी आहे. पळी ढवळत म्हणाल्या, "लेकरू जेवून न्हाई राहिलं, बाई. बाप इचारून राहिला, नाव काहून लिवलं? तं ती म्हणती, बाईनं सांगितलं व्हतं, नाव लिवल्याबिगर खरं व्हत न्हाई." मग पळी थांबवून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पर फोन म्या न्हाई केला म्हणती. बापानं हात उगारला तरी तेच म्हणती. आमी तांड्याची माणसं, बाई, आमचं कोण खरं मानंल?" शिरड शहापूरला जाताना माझं एक पत्र न्याल का, एवढंच मी विचारलं. त्या हो म्हणाल्या, पत्रात काय आहे ते विचारलं नाही.

आता तुझं. नऊ वर्षं झाली. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तू ग्रंथालयात आलीस आणि टेबलाची कड धरून विचारलंस, "बाई, अठराच्या आत पोरीचं लग्न करता येत नाही, असं कोणत्या पुस्तकात दिलंय?" मला आनंद झाला होता, खरंच सांगते. मुलगी पुस्तकाचा पत्ता विचारते आहे! मी कायद्याचं पुस्तक काढलं, पान उघडून दिलं. तू दोनदा वाचलंस. मग थोडा वेळ उभी राहिलीस. मला वाटलं अजून एखादं पुस्तक हवं असेल. तू गेलीस, आणि सुट्टीनंतर आली नाहीस. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की तू विचारलंस ते मी दिलं. पण तुझा तो प्रश्न पुस्तकाचा नव्हता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझे वडील तेव्हाही अध्यक्ष होते. माझी नोकरी तेव्हाही अर्धवेळ होती.

म्हणून हे पत्र. मुलांच्या हेल्पलाइनला तो फोन मिनानं केलेला नाही; मी केला. दोन तारखेला, तक्ता घेऊन पोरी भिंतीकडे गेल्या तेव्हा, ग्रंथालयाचं दार लावून. कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात, त्यामुळे मी गप्प बसले तर हे कुणाला कधीही कळणार नाही. चार दिवस मी गप्पच बसले आहे, आणि एक तेरा वर्षांची पोर माझ्या जागी मार खायला उभी आहे. मंगळवारी अकरा वाजता मी तुझ्या वडिलांसमोर हे सांगणार आहे. माझं काय होईल माहीत नाही. माझ्या बाजूनं बोल, असं मी तुला म्हणणार नाही. संक्रांतीचं निमित्त आहे, सोमवारी संध्याकाळच्याच गाडीनं माहेरी ये आणि मंगळवारी पुनमजवळ बसून राहा. त्या दिवसानंतर मला तुमच्या दारात कुणी उभं करणार नाही, आणि दिलेला शब्द पाळला जातोय का, ते घरातलंच कुणीतरी बघायला हवं. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर तेही मला समजेल. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिते. मला तो नंबर कुठे शोधावा लागला नाही. तू टेबलाची कड धरून उभी होतीस तेव्हाही तो मला पाठ होता.

माफ केलंस किंवा नाही केलंस तरी तुझीच,
शालूबाई