उजव्या कानाची निगा

४ फेब्रुवारी

टोचून घेतला! उजवा कान, अगदी वरची कडा, हाताला कडक लागते तिथे. दुकानातून सुटले आणि सरळ समोरचा जिना चढले. विचार करत बसले असते तर अर्ध्यातून परतले असते.

टोचणारी पोरगी आमच्या चिरंजीवांच्या वयाची. मानेपर्यंत गोंदलेली. "ताई, हलू नका हं," म्हणाली आणि दोन बोटांनी माझी हनुवटी धरली. दुखलं, पण लक्षात राहिली ती हनुवटीच. शेवटची कोणी धरली होती, देव जाणे! चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी लोकांचे कान हाताळते — दांडी वाकव, पुन्हा घालून बघ, "मागे रुततंय का?" विचार. माझ्या कानाकडे बघायला कोणाला वेळ आहे?

घरी आल्यावर केस मुद्दाम वर बांधले. नवरोबाने ताटातून मान वर केली. म्हणाला, "मीठ दे."

ठरलं. मी सांगणार नाही. त्याने बघायचं, त्याने विचारायचं!

५ फेब्रुवारी

आधी हात धुवायचे. मग मीठपाण्याचा फवारा, सकाळ-संध्याकाळ. कापूस लावायचा नाही, खडा फिरवायचा नाही. उजव्या कुशीवर झोपायचं नाही.

हे शेवटचंच जड जातंय. चिरंजीव नोकरीसाठी लांब गेल्यापासून मी भिंतीकडे तोंड करून झोपते. आता डावी कूस, म्हणजे समोर नवरोबाची पाठ. बनियनला खांद्यापाशी भोक पडलंय. कधी पडलं कोण जाणे.

९ फेब्रुवारी

विचारलं नाही.

१२ फेब्रुवारी

माझ्यासारखी मीच! दुकानात लेन्स पुसायचे ओले कागद असतात, स्पिरिटवाले. कान खाजत होता, दिला एक फिरवून. आई गं! ब्रह्मांड आठवलं. आमच्याकडे डोळे तपासायला नवीन आलेत ते गृहस्थ खोलीतून धावत बाहेर — "मॅडम, काय झालं?" गिऱ्हाइकं बघतायत. शोभा झाली नुसती.

संध्याकाळी पोरीकडे गेले. तिने चांगलंच झापलं. "अहो ताई, कान आहे तो, काच नाही!" दोघी हसलो. घरी येईपर्यंत हसू टिकलं. दार उघडल्यावर टीव्हीचा आवाज, आणि संपलं.

१८ फेब्रुवारी

नणंदेचा व्हिडिओ कॉल. मी अजून हॅलो म्हणतेय तोवर — "अगं वहिनी, कानात काय ते नवीन? या वयात! काय भानगड काय आहे तुझी?" एवढ्या मोठ्याने की खालच्या मजल्यावर गेलं असेल. नवरोबा शेजारच्याच खुर्चीत. म्हटलं, आता तरी! तो उठला आणि पाणी प्यायला आत गेला.

म्हणजे ऐकूनसुद्धा नाही. फोन ठेवला आणि सगळा राग भांड्यांवर काढला.

२३ फेब्रुवारी

नवरोबाने मिशी रंगवली! निळा शर्टही आणलाय. ऑफिसात काहीतरी कार्यक्रम असणार, मला कशाला सांगेल? आरशासमोर उभं राहून विचारतो, "कसा दिसतो?" "बरा," म्हटलं, आणि पोळी उलटायला वळले.

१ मार्च

कानामागे काहीतरी झालंय. बोटाला गाठ लागते, दिसत काही नाही. एक आरसा पुढे, एक मागे — मान मोडायची वेळ आली. फोटो काढला तर नुसते केस. "जरा बघ रे मागे," एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलेलं गिळलं. इतके दिवस धरून ठेवलंय, आता मीच सांगू?

शेवटी पोरीकडेच गेले. "चष्म्याची दांडी घासतेय, ताई." घ्या! जगाच्या दांड्या सरळ करते आणि स्वतःची तशीच.

६ मार्च

नवरोबा आज दुकानात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! निळा शर्ट घालून. "चष्मा सैल झालाय." समोर बसवलं, दांड्या नीट केल्या, दोन्ही हातांनी कानांवर चढवला. एवढा जवळ किती दिवसांत आला नव्हता. कानामागे एक पांढरा केस सुटलेला, तो सारखा केला. त्याची नजर थेट माझ्या कानावर. आता विचारेल, आता विचारेल.

"तो आतल्या खोलीतला कोण?"

"डोळे तपासतात ते. नवीन आहेत."

"अच्छा," म्हणाला, आणि गेला. चष्मा काही सैल नव्हता. मला भयंकर एकटं वाटलं, भर दुकानात.

११ मार्च

गाठ बसली. सूज उतरली म्हणून पोरीने लांब दांडीचा खडा काढून आखूड घातला. "मस्त भरतोय, ताई. आता मुद्दाम यायची गरज नाही." हिरमुसलेच मी. उगाच विचारलं, पुन्हा सूज आली तर? "नाही हो येत!"

१५ मार्च

सकाळी फवारा मारत होते. नवरोबा बाथरूमच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "पहिल्या दिवसापासून बघतोय मी. कोणासाठी टोचलंस, तेवढं सांग. ओरडणार नाही."

तुझ्यासाठी रे! तू बघावंस म्हणून! — पण हे सांगायच्या आधीच रडू कोसळलं. थांबेचना. तो दारातून मागे सरला. मग "ठीक आहे," म्हणाला, चपला घातल्या आणि बाहेर पडला.

दिवे लागले, अजून आला नाही. फोन टेबलावरच ठेवून गेलाय.