गैरहजेरीवर दोन कॅप्सूल

४ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प तीन दिवस उशिरा, पण पक्का. आज मालकांनी बोलावून सांगितलं, मार्चअखेरपर्यंत गैरहजेरी शून्यावर आण, तुला मॅनेजर करतो. कोपऱ्यातली काचेची केबिन माझी. तिला दार आहे. अकरा वर्षं मी चाळीस शिलाई मशिनींच्या मधोमध स्टुलावर बसून सुपरवायझरी करतोय. दाराची किंमत मला विचारा.
माणसं दांड्या का मारतात यावर चिंतन केलं. ताप, घसा, गळू. दांडी मारली की त्या दिवसाचा पगार कट, तरी मारतात. हौस, दुसरं काय.

५ जानेवारी, दुपारी
उपाय सापडला. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकचा आख्खा बॉक्स आणला. चिठ्ठी मागितली नाही. सज्जन माणूस. फक्त विचारलं, लाल-पिवळ्या देऊ की निळ्या? लाल-पिवळ्या घेतल्या. उत्साही वाटतात.
योजना अशी: आजारी माणसाला दोन कॅप्सूल आणि एक चहा. पाच दिवसांचा कोर्स वगैरे रिकामटेकड्यांसाठी. दहाची स्ट्रिप एकाच्याच पोटात घालण्यापेक्षा पाच जणांत वाटली तर पाच मशिनी चालतात. वाटून घेतलं की सगळ्यांचं भागतं. एवढं साधं गणित डॉक्टरांना सुचू नये?

९ जानेवारी
यश! शर्टांना काजं करणारी बाई तापाने फणफणली होती. रजा मागत होती. दोन कॅप्सूल दिल्या. संध्याकाळपर्यंत दोनशे शर्टांची काजं झाली. तिने हात जोडले, म्हणाली, साहेब, देवासारखे भेटलात. मी नको नको म्हणालो, पण फार जोरात नाही. तिने उद्यासाठी आणखी दोन मागितल्या. दिल्या. देव म्हटल्यावर हात आखडता घेता येत नाही.

१७ जानेवारी
आठवडाभर एकही दांडी नाही. कटिंग मास्तरांच्या मानेवर गळू, दोन कॅप्सूल. इस्त्रीवाल्याला सर्दी, दोन. कॉलरवाला नुसताच जांभया देत होता. सावध असलेलं बरं म्हणून एक.
घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, तुम्ही डॉक्टर कधी झालात? लग्नाला अठरा वर्षं झाली, माझं चांगलं झालेलं हिच्या पचनी पडत नाही.

२४ जानेवारी
नव्या कामगार बाईला मशीन शिकवत होतो. नीट लक्ष दिलं तर सुई बोटात कधीच जात नाही, असं सांगत असतानाच गेली. डावा अंगठा. आख्खा कारखाना बघत होता. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. एक कॅप्सूल घेतली.

२७ जानेवारी
ठणका कमी. कॅप्सूल बंद. औषधाची सवय वाईट.

२ फेब्रुवारी
अंगठा सुजला. मेडिकलवाला म्हणाला, आता निळी घ्या, जास्त पॉवरची. तीन घेतल्या, बऱ्या वाटल्या, उरलेल्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या.
मास्तरांचं गळू बसलं होतं, ते आता काखेत उठलंय. डॉक्टरला दाखवतो, अर्धा दिवस द्या म्हणाले. म्हटलं, मास्तर, डावी काख ना? कात्री उजव्या हातात असते. निळ्या दिल्या. तोंड पाडून गेले. उपकाराची जाण राहिली नाही.

८ फेब्रुवारी
हिने शेवटी ओढतच हॉस्पिटलला नेलं. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याला चीर देऊन पू काढला, तपासणीला पाठवला. आधी काही गोळ्या घेतल्यात का विचारलं. नाही म्हणालो. एकदा एक आणि एकदा तीन, याला काही घेणं म्हणत नाहीत.
मग बाईंचं व्याख्यान. अर्धवट औषध घेतलं की लेचेपेचे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. मग ते या हातातून त्या हातात जातात. एका खोलीत सहा-सात जण झोपतात, चाळीस माणसं एका नळावर हात धुतात, तिथे तर विचारूच नका. मी विचारलंच नव्हतं. आमच्या कारखान्यात नळ एकच आहे, हा निव्वळ योगायोग.
तीन दिवसांनी रिपोर्ट. तेव्हा या म्हणाल्या. मार्च उलटल्यावर बघू.

११ फेब्रुवारी
विश्वासघात!
काजवाल्या बाईच्या रुमालाची गाठ सुटली आणि माझ्या कॅप्सूल फरशीवर घरंगळल्या. नऊ! महिनाभर ताप आहे सांगून मागत राहिली, मी देत राहिलो. त्यातली एखादीच गिळायची आणि बाकीच्या घरी न्यायची म्हणे. सासूच्या पायाच्या जखमेला. पोरीच्या कानाला. कारखान्यासाठी आणलेलं औषध परक्या कानांना!
जाब विचारला. म्हणाली, साहेब, माझा ताप उतरला की मला पुरे. सात माणसं एका खोलीत, एकाला झालं की सगळ्यांना होतं. पोरीला डॉक्टरकडे न्यायचं तर दिवस बुडतो, फी वेगळी, रिक्षा वेगळी. तुम्हीच म्हणता ना, वाटून घेतलं की सगळ्यांचं भागतं.
माझंच वाक्य, तेही सगळ्यांसमोर. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी
मालकांना लेखी कळवलं: कारखान्याच्या औषधांची चोरी. त्यांनी तिला दुपारीच काढून टाकलं. जाताना तिने मशिनीवरचं कापड झटकलं, कव्हर घातलं आणि गेली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

१५ फेब्रुवारी
अकरा जण गैरहजर. अकरा! मास्तरसुद्धा. ज्यांच्यासाठी जिवाचं रान केलं त्यांनीच पाठीत सुरा खुपसला. हजेरीपटावर सध्या पेन्सिलीने हजर लावलंय. आले की शाईने गिरवीन.
अंगठा जांभळा. अंगात कणकण. दोन लाल-पिवळ्या आणि दोन निळ्या एकदम घेतल्या. आपसांत काय ते ठरवतील. रजा घेणार नाही. कोणीतरी आदर्श ठेवायला हवा.

१९ फेब्रुवारी, हॉस्पिटल
परवा कॉलरींच्या ढिगावर कोसळलो. मास्तर तेवढ्यातच कामावर परतले होते. काखेत बँडेज असताना त्यांनी मला उचलून रिक्षात घातलं.
अंगठ्याचं वरचं पेर गेलं. काढावं लागलं.
रिपोर्ट आठवडाभर इथेच पडून होता. डॉक्टरीणबाईंनी औषधांची यादी दाखवली. माझ्या दोन्ही कॅप्सूल त्यात होत्या आणि दोन्हींचा उपयोग शून्य. चालतील अशी तीनच औषधं उरली आहेत, तीही शिरेतून. ज्या कॅप्सूलवर डोळे मिटून भरवसा टाकला, त्याही फितूर निघाल्या.
बाईंनी खोदून खोदून विचारलं, कारखान्यात गोळ्या कोण वाटतं? मास्तर काख दाखवायला इथेच आले होते, त्यांनाही कोणीतरी दिल्या होत्या म्हणे. मी सांगितलं, एक बाई होती, ती वाटायची. आता काढून टाकलंय तिला.
त्या वेळी तेच सुचलं. तापात होतो.

२३ फेब्रुवारी
मालक चार मिनिटं येऊन गेले. आराम कर म्हणाले. केबिनमध्ये तात्पुरता भाचा बसवलाय. त्याने केबिनला पडदेही लावले. तात्पुरत्या माणसाला पडदे कशाला लागतात? माझे आजारपणाचे दिवस बिनपगारी धरणार आहेत. अकरा वर्षं. उशीत तोंड खुपसून रडलो. हिने पाहिलं आणि पाठ वळवून सफरचंद चिरायला घेतलं. हिचे उपकार.

२७ फेब्रुवारी, सकाळी
काजवाली बाई भेटायला आली.
मला वाटलं भांडायला आली. तिची पोरगी खालच्या लहान मुलांच्या वॉर्डात आहे. कानामागचं हाड सडलं, ऑपरेशन झालं. त्या कानाने आता ऐकू येणार नाही. साधी औषधं लागू पडत नाहीत, दहा दिवस इंजेक्शनं. मास्तरांकडून कळलं म्हणून मला बघायला वर आली. अंगठा दुखतो का विचारलं.
म्हणाली, डॉक्टर तीनदा विचारून गेले, गोळ्या कोणी दिल्या. मी सांगितलं, मीच आणल्या मेडिकलमधून. तुमचं नाव कशाला घेऊ साहेब? तुम्ही चांगल्यासाठीच दिल्या होत्या.
मग म्हणाली, एका अर्थी काम सुटलं ते बरंच झालं, पोरीजवळ दिवसभर बसता येतं.
टोमणा असेल म्हणून तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. नव्हता. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं. काळजी घ्या म्हणालो. माझी मलाच लाज वाटली.
उद्या डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगणार. हा संकल्प नाही, हे नक्की आहे.

२८ फेब्रुवारी
राउंडला बाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, खालच्या वॉर्डात तुमच्याच कारखान्यातली एक बाई आहे, ती कबूल करते की गोळ्या तिनेच आणल्या. तुम्ही म्हणालात ती हीच का? वर कळवावं लागेल.
सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात नर्सने त्यात थर्मामीटर ठेवला.
मी मान हलवली. कुठल्या बाजूने हलवली ते आता नीट आठवत नाही. बाईंनी मात्र कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

३ मार्च
डिस्चार्ज. सांगायचं राहिलं.
खाली जाताना लहान मुलांच्या वॉर्डाचं दार उघडं होतं. ती खाटेशी वाकून पोरीला काहीतरी सांगत होती. पोरीने मान वळवली आणि दुसरा कान आईच्या तोंडाशी नेला.
ही म्हणाली, अहो, ओळखीची आहे ना, भेटून जाऊ. म्हटलं, उशीर होतोय.
मागच्या जिन्याने उतरलो.