आवळायच्या आधी ओढलेली रेघ

प्रिय ताई,

पत्र बघून तू दचकशील. एक दिवसाआड फोन करणारा माणूस पत्र कशाला लिहील, तेही वहीची पानं फाडून, समास आखून. फोनवर मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तू म्हणालीस, बोल ना रे, आवाज का असा येतोय, आणि मी तुला तिकडची हवा कशी आहे ते विचारलं. दुसऱ्यांदा बोक्यानं फोन हिसकावला आणि मामा, मामा करत त्याच्या पडलेल्या दाताची गोष्ट सांगितली, आणि मला बरंच वाटलं की सुटलो. लिहिताना मधे कोणी विचारत नाही. ही तिसरी प्रत आहे. आधीच्या दोन्हींत मी फार भला माणूस दिसत होतो, म्हणून फाडल्या. आठवीत शाळा सुटली तरी माझं शुद्धलेखन सुटलं नाही ते तुझ्यामुळे. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता तू मला उतारे घालायचीस आणि चुकलेला शब्द दहादा लिहायला लावायचीस. तेव्हापासून चुकलेलं तसंच ठेवून मला पुढे जाता येत नाही. असं असूनही एक चूक मी चार महिने तशीच ठेवली आहे.

आईकडून कळलं की तू फिरतीच्या जागेला नाही म्हणणार आहेस. मला राग आला आणि लगेच लाजही वाटली, कारण रागवायचा हक्क मला नाही. नऊ वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या केल्यावर ती जागा तुझ्या वाट्याला आली. गावाबाहेर टेकडीवरच्या घरांत अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, त्यांच्या मलमपट्ट्या, त्यांची इंजेक्शनं, आणि अट एकच, स्वतःची गाडी हवी. त्यासाठी तू पस्तिसाव्या वर्षी गाडी शिकलीस. शिकवणारे काका म्हणाले होते, बाई, तुम्ही गाडीशी बोलू नका, ती ऐकत नाही. आणि तू म्हणालीस, नवराही ऐकत नाही, म्हणून बोलायचं सोडलं का मी? ती तू गेल्या चार महिन्यांत स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस. बाबांची गाडी तुमच्या दारात आच्छादन घालून उभी आहे आणि तू दोन बस बदलून कामाला जातेस. शुक्रवारी तुला लेखी कळवायचं आहे. म्हणून हे पत्र मी टपालानं न पाठवता तुमच्या शेजारच्या पोस्टमनकाकांच्या हातात देणार आहे. ते उद्या सकाळी आमच्या गॅरेजवर त्यांची स्कूटर न्यायला येतील. त्यांचं काम आज मी मुद्दाम संपवलेलं नाही.

आता गाडीबद्दल. तू ती माझ्याकडे आणलीस तेव्हा तिला बावीस वर्षं पूर्ण झाली होती. खालून तिच्याकडे बघवत नव्हतं. चाकाला सांगाड्याशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, आम्ही त्याला खालचा आर्म म्हणतो. उजवीकडच्या आर्मवर पेचकसाचं टोक ठेवलं तर पापड मोडावा तसा तुकडा हातात आला. आमच्या वस्तादांनी खालून बॅटरी मारली आणि म्हणाले, ही गाडी गंजलेली नाही रे, हा गंजच आहे, त्याला कुणी तरी चाकं लावलीत. त्यांना तू माहीत आहेस, पैसे सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला. म्हणाले, तुझ्या बहिणीची गाडी, तूच कर, मी हात लावणार नाही, मी फक्त बघेन.

दोन दिवस मी ते बोल्ट सोडवत होतो. गंजलेला बोल्ट नुसता घट्ट नसतो, तो आतल्या नळीशी एकजीव झालेला असतो. आदल्या दिवशी तेल सोडून ठेवलं, सकाळी परत सोडलं. गरम केलं, ठोकलं, पुन्हा तेल. डावीकडचे दोन निघाले. उजवीकडचा मागचा नुसता गोल फिरायचा, बाहेर येईना. शेवटी तो करवतीच्या पात्यानं कापला, पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात मला असं वाटत होतं की आज मी जगातलं सगळ्यात उपयोगी काम करतोय. माझ्या बहिणीखालची गाडी पडायची थांबवतोय. मग दोन्हीकडे नवे आर्म नव्या बोल्टांनी बसवले.

वस्तादांची एक पद्धत आहे. कुठलाही महत्त्वाचा नट ठरलेल्या जोरावर आवळायचा, त्यासाठी एक लांब पाना असतो, जोर पुरा झाला की तो टक वाजतो. ती टक ऐकली की बारीक ब्रशनं नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली तर समजायचं, नट फिरला. आणि रेघच नसेल तर तो आवळलेला नाही. वस्ताद म्हणतात, कागदावर तू सही कर नाही तर अंगठा उठव, मला ही रेघ पाहिजे. गॅरेजमध्ये माझ्या रेघा सगळ्यांत सुबक असतात. दुसरे चेष्टा करतात, याला गाडी नको, रांगोळी द्या. मला ते आवडतं. लपवून काय करू.

आर्मच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी असते. त्याच्या दोन टोकांना रबराच्या जाड बांगड्या असतात, आणि त्यांचे बोल्ट गाडी उचललेली असताना आवळायचे नसतात. आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळवटतं आणि महिन्याभरात फाटतं. म्हणून ते नुसते हातानं बसवायचे, गाडी चाकांवर उभी करायची आणि मग खड्ड्यात उतरून आवळायचे. हे मला झोपेतही ठाऊक आहे.

शनिवारी दुपारी तू बोक्याला घेऊन आलीस. गाडी वर होती आणि मी रेघा ओढत होतो. बाकीचे सगळे नट आवळून झाले होते. डावी बाजू मी बरोबर केली होती, ते दोन बोल्ट सोडून. उजवीकडे आलो तेव्हा तू खाली येऊन उभी राहिलीस, मान वर करून. तू म्हणालीस, अगं बाई, किती नीट रे, हे आत कोण बघणार आहे? आणि बोक्याला म्हणालीस, बघ, मामाचं काम बघ, असं अक्षर काढावं. ताई, मला आयुष्यात फार कुणी असं म्हटलेलं नाही. माझा ब्रश भरलेला होता. एक रेघ ओढली, दुसरी ओढली, बोक्या मोजत होता, पाच, सहा, आणि मी त्याच ओघात आर्मचा पुढचा बोल्ट केला आणि मागचा केला. आठ म्हणून त्यानं टाळ्या वाजवल्या. शेवटचे दोन नट मी नुसते बोटांनी फिरवून ठेवलेले होते.

मग गाडी खाली घेतली, खड्ड्यावर आणली. खाली उतरून डावीकडचे दोन्ही आवळले, टक ऐकली, रेघा ओढल्या. उजवीकडे वळलो, बॅटरी मारली, आणि दोन सरळ पिवळ्या रेघा दिसल्या. मी माझ्याच रेघेवर विश्वास ठेवला. वस्तादांनीही वरून वाकून विचारलं, झालं सगळं? म्हटलं, झालं. त्यांनीही रेघा बघितल्या आणि मान हलवली. वर तू बोक्याला गाडीत बसवत होतीस.

गाडी नेल्यावर सहाव्या दिवशी तुझा फोन आला होता. ते तुला आठवत असेल, की तूही विसरलीस, मला माहीत नाही. तू म्हणालीस, ब्रेक मारला की उजवीकडून टक टक येतं. मी जेवत होतो. म्हणालो, नवीन पार्ट आहेत, बसायला वेळ लागतो, नव्या चपलेसारखं असतं. तू हसलीस आणि म्हणालीस, बरं बाबा, तू म्हणतोस तर. जी टक मी पान्यातून ऐकायला हवी होती, ती तू अकरा दिवस ऐकत होतीस. त्यातले सहा न विचारता आणि पाच माझ्या सांगण्यावरून.

अकराव्या दिवशी शाळेच्या उतारावर तू ब्रेक मारलास आणि गाडी उजवीकडे वळून दूधडेअरीच्या भिंतीला लागली. बोक्याच्या भुवईवर तीन टाके. तू सगळ्यांना सांगितलंस की मी वळवली नाही, स्टिअरिंगनं हातातून ओढून घेतलं. तू हे भावोजींना सांगितलंस, सासूबाईंना सांगितलंस, टाके घालणाऱ्या डॉक्टरलाही सांगितलंस. सगळे हो हो म्हणाले. घाबरलेल्या माणसाला म्हणतात तसं.

गाडी ओढून आमच्याकडे आणली तेव्हा वस्ताद सामान आणायला गेले होते. मी एकटाच खाली उतरलो. उजवीकडच्या मागच्या बोल्टचा नट नव्हताच. पुढचा बोटानं फिरत होता. पत्र्यावर माझी अर्धी पिवळी रेघ होती, उरलेली अर्धी नटाबरोबर कुठे तरी रस्त्यावर पडलेली. मी वर आलो, कपाटातून नवे बोल्ट आणि नट घेतले, बसवले, आवळले, दोनदा टक ऐकली आणि नव्या रेघा ओढल्या. त्याही रेघा सरळ आल्या, याची मला अजून किळस येते. भावोजी आले. त्यांनी साधा प्रश्न विचारला, खालून काही तुटलं होतं का रे, ती म्हणते गाडीनंच ओढलं. मी हात पुसत म्हणालो, नाही, खाली काही नव्हतं. बंपर, दिवा आणि रेडिएटर, एवढंच करावं लागेल.

त्या एका वाक्यावर तुझ्या घरात काय काय उभं राहिलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुमच्याकडे जेवायला आलो होतो तेव्हा भावोजी म्हणाले, हिच्यासाठी भिंतींनीच हॉर्न वाजवला पाहिजे. ते वाईट नाहीत, थट्टा करायची म्हणून केली. सासूबाई म्हणाल्या, पोर वाचलं हेच खूप, आता पुरे ते गाडीचं वेड. आणि बोक्या माझ्या मांडीवर बसून, भुवईवरच्या पांढऱ्या खुणेला बोट लावून म्हणाला, मामा, आई चालवते ना, तेव्हा भिंत पुढे येते. सगळे हसले. तूही हसलीस. मी पण हसलो, ताई. मग तू उठून पाणी आणायला गेलीस, आणि तांब्या भरलेलाच होता.

परवा भावोजींचा गॅरेजवर फोन आला. तिला सांगू नकोस म्हणाले, पण बाबांच्या गाडीला गिऱ्हाईक बघून ठेव, ती आता चालवणार नाही, ती स्वतःच म्हणते माझ्या हातात दोष आहे. आज सकाळी मी वस्तादांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील, पाना फेकतील. त्यांनी माझ्या टेबलावरची पिवळ्या रंगाची बाटली उचलली, झाकण घट्ट लावलं आणि स्वतःच्या खिशात घातली. म्हणाले, आधी तिला सांग, मग माझ्याशी बोलू. दिवसभर मी आवळलेल्या नटांवर त्यांनी येऊन रेघा ओढल्या. त्यांच्या वाकड्या येतात. प्रत्येक नटाला आधी स्वतः पाना लावून बघत होते.

पाकिटात एक बोल्ट आहे, कापडात गुंडाळलेला. उजवीकडचा मागचा, चार महिने माझ्या डब्यात होता. त्याचे आटे कसे घासले आहेत ते बोट फिरवलंस तरी कळेल. भावोजींना दे, म्हणजे कुणी म्हणायला नको की भाऊ बहिणीसाठी खोटं बोलतोय. मला माफ कर असं मी लिहीत नाही, ते तुझं तू बघ, आणि नाही जमलं तरी मला समजेल. पण हे पत्र एकटीनं वाचून ड्रॉवरमध्ये टाकू नकोस, तू तसं करशील म्हणून सांगतो. रात्री सगळे जेवायला बसले की मोठ्यानं वाच, सासूबाईंसमोरही, 'खाली काही नव्हतं' हे वाक्य गाळू नकोस. मग शुक्रवारी तुला हवं ते कळव. फक्त तुझ्या हातात दोष आहे म्हणून नाही म्हणू नकोस, तो दोष माझ्या हातातला आहे. आणि बोक्याला सांग, भिंत आईमुळे पुढे आली नाही. मामानं आणली होती.

तुझाच,
धाकटा